वाचून दाखवा

आमच्या घरात एक पुस्तक आणलं की त्यावर आम्ही दोघी शिकायचो. मी डोळ्यांनी, ताई कानांनी.

दादा, म्हणजे आमचे वडील, कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हा मी तिसरीत होते. हडपसरला रेडिओचे सुटे भाग बनवणारा कारखाना तो. बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला आणि एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. त्यानंतर दादा मांजरीतल्या एका नव्या सोसायटीवर वॉचमन झाले आणि आई रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला जाऊ लागली. राहायला पत्र्याची एक खोली. ताई म्हणजे छाया, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. लहानपणी गोवर डोळ्यांत उतरला आणि तिची नजर गेली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, कारण आईला खाडा परवडत नव्हता. आईने हे कधी लपवलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

मी मोठ्याने वाचायचे, ताई वाटाणे सोलत ऐकायची. एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही. आई म्हणायची, "तिला काय करायचंय शिकून? तुझं व्हतंय ते बघ." ताई शेंग फोडता फोडता म्हणायची, "तिचं होण्यासाठीच ऐकतीय मी. चुकली की सांगते."

कामठ्यांच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही विचारल्याशिवाय सांगते, आणि ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटतं. पण मी कॉलेजात गेले आणि घरातलं वाचन थांबलं. ताईने दूरशिक्षणाच्या बी.ए.ला नाव घातलं होतं. बाकीचे सगळे पेपर तिने एकेक करून काढले, इतिहासात मात्र दोनदा नापास झाली. लेखनिक म्हणून दिलेली अकरावीची मुलगी ताई सांगेल ते लिहायची नाही, तिला आवडेल ते लिहायची. ताई पानिपतावर पान-दीड पान सांगायची आणि ती मध्येच म्हणायची, "एवढं पुरे ना ताई? मला क्लासला जायचंय." आता नियमाप्रमाणे एकच प्रयत्न उरला होता. तो हुकला की अख्खा अभ्यासक्रम पहिल्यापासून.

हे सगळं आधी सांगितलं, कारण तांबोळी सरांची गोष्ट याच पेपराशी येऊन पोचते.

नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे आमची कंपनी होती. कॉलेजांसाठी इंटरनेटवरचे धडे आणि परीक्षांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. धडे सगळ्या मुलांना वापरता आले पाहिजेत, अंध, बहिऱ्या, हात न चालणाऱ्या, सगळ्यांना, अशी अट एका मोठ्या गिऱ्हाइकाने घातली. म्हणून कंपनीने एक तपासनीस नेमला. तो स्वतः अंध आहे एवढंच आम्हाला माहीत होतं.

तेच तांबोळी सर. आले ते पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टात, खिशाला दोन पेनं लावून. पन्नाशीचे. आमचा टीमलीड रोहन न राहवून बोलला, "सर, पेन? म्हणजे... आय मीन..."

"माझ्यासाठी नाहीत. सही करायच्या वेळी डोळस लोकांकडे पेन नसतं, असा माझा अनुभव आहे."

रोहनने डेमो सुरू केला. "तर सर, इथे क्लिक केलं की हे ओपन होतं, मग इथून इकडे यायचं..."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे, सर. या कॉर्नरला."

"अहो, पुण्यात 'इथेच आहे' म्हणून पत्ता सांगितला तर माणूस हडपसरला पोचतो. त्या बटणावर काय लिहिलंय? वाचून दाखवा."

बटणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसता बाण होता.

सरांनी पिशवीतून चौकड्यांचा नॅपकिन काढला, चाचपडत रोहनचा मॉनिटर शोधला आणि तो त्यावर अंथरला. मग मिठाईचा एक रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांनी आपापले माउस यात टाका. संध्याकाळी परत मिळतील. आता कानाला हेडफोन लावायचा, हात कीबोर्डवर, आणि स्वतःच बनवलेला धडा उघडून दाखवायचा."

त्या दिवशी कुणाचाही धडा उघडला नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, आमच्या सुंदर पानांवर "बटण, बटण, चित्र, बटण" एवढंच म्हणत राहिलं. रोहनचे कान लाल झाले. पुढे तो डबा दर मंगळवारी यायचा. मंगळवारी कॅन्टीनमध्ये फार कुणी हसायचं नाही.

मला ते पहिल्या दिवसापासून 'कामठेबाई' म्हणायचे. मी चोवीस वर्षांची, जीन्स घालणारी. सगळे हसायचे. मी एकदा म्हणाले, "सर, नुसतं नावाने म्हणा ना." ते म्हणाले, "आपण घरातल्या पहिल्या पदवीधर ना? मग बाई म्हणवून घ्यायची सवय करा. आपल्या आधी त्या घरात कुणाला कुणी म्हटलं नसेल."

त्यांच्या मराठीचं लोकांना नवल वाटायचं. एका बैठकीत गिऱ्हाइकाकडचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तांबोळी असून मराठी किती शुद्ध हो तुमचं!" सर म्हणाले, "पुण्याच्या कसबा पेठेत सात पिढ्या काढल्यात. आपलंही सुधारेल, बसा."

त्यांची भीती वाटायची, कारण ते ओरडायचे नाहीत. 'वाचून दाखवा' एवढंच म्हणायचे. कुणी लिहिलेली मेल असो, सूचना असो, चित्राखालची ओळ असो. माणूस स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायला लागला की अर्ध्यात थांबायचा आणि "करेक्ट करतो सर" म्हणून जागेवर जायचा.

आणि अंधांपुरतं ते पाहायचे असंही नव्हतं. एका बुधवारी त्यांनी सगळ्यांचे हेडफोन काढून घेतले. "काल आंधळे झालात. आज बहिरे व्हा." अर्थशास्त्राचा एक धडा आवाज बंद करून लावला. फळ्यापुढे एक प्राध्यापक हातवारे करत होते, खाली एकही ओळ उमटत नव्हती. मग आवाज लावला, तर प्राध्यापक म्हणत होते, "ही रेषा बघा, हिला इकडून तिकडे नेलं, की हे असं होतं." सरांनी तिथूनच त्या प्राध्यापकांना फोन लावला, स्पीकरवर.

"नमस्कार. आपण छान शिकवता. फक्त काय शिकवता ते कळत नाही."

"फळ्यावर काढलंय ना सगळं!"

"फळ्याला विचारलं मी. तो बोलत नाही."

"आता एकेका विद्यार्थ्यासाठी आम्ही किती बोलायचं?"

"जेवढं वर्गात बोलता तेवढंच. फक्त 'इकडून तिकडे'च्या जागी नावं घ्या. ऐकणाऱ्याचं भलं होईल, लिहून घेणाऱ्याचं होईल, आणि आपल्यालाही आठवेल काय शिकवायचं होतं ते."

पलीकडून फोन आपटला. पण आठवड्याने तो धडा नव्याने आला. त्यात "उत्पन्न वाढलं की मागणीची रेषा डावीकडून..." असं सगळं नावानिशी होतं. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "बघा, माणूस रागावला की स्पष्ट बोलतो."

मी ताईबद्दल त्यांना सांगितलं ते कॅन्टीनमध्ये. मदत मागायची म्हणून नाही. आमच्या घरात मागत नाहीत. सहज विषय निघाला. सर चहा ढवळायचे थांबले.

"लेखनिकाने गाळलं?"

"हो."

"येत्या रविवारी घेऊन या त्यांना."

कसब्यात कुंभारवाड्याच्या अंगाला, एका बोळात, दोन खोल्यांचं त्यांचं घर. दार उघडलं त्यांच्या बायकोने, नसीमभाभींनी. ताई बसली, चहा आला, आणि सर एकदम म्हणाले, "आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत कुणी मेलेलं नाही."

आम्हाला कळेना. भाभी आतून म्हणाल्या, "झालं यांचं सुरू!"

"रोज सकाळी ही मला पेपर वाचून दाखवते. प्रेमाने दाखवते. मला त्रास होईल ते गाळते. दंगल गाळते, अपघात गाळते, मित्रांच्या निधनाच्या बातम्या गाळते. एक माझा जवळचा माणूस गेला, ते मला त्याच्या वर्षश्राद्धाला कळलं. वाचणारा माणूस गाळतोच, छायाबाई. कुणी कंटाळून, कुणी मायेने. यंत्राला माया नाही, हा त्याचा मोठा गुण."

भाभी बाहेर येऊन म्हणाल्या, "आणि त्या यंत्राने तुम्हाला चहा दिला का हो कधी?"

"नाही. पण थंड झालेला चहा गरम आहे असंही ते सांगत नाही."

स्वतःचं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, पुन्हा कधी नाही. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे. नजर हळूहळू गेली, आधी रात्रीची, मग दिवसाची. दिसतंय अशा भ्रमात ते फळ्यावर लिहीत राहिले. एक दिवस शिपाई म्हणाला, "सर, पुसू का? ओळीवर ओळ चढलीय, काही लागत नाही." कितीतरी आठवडे तसंच चाललेलं होतं. वर्गातल्या एकानेही उठून सांगितलं नव्हतं. "चांगली मुलं होती," सर म्हणाले. "माझ्यावर दया करत होती. आणि नापास होत होती." त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि चाळिशीत कॉम्प्युटर शिकायला बसले.

मग त्यांनी ताईला विचारलं, "कामठेबाई लहानपणी वाचताना काय गाळायच्या?"

ताई म्हणाली, "नकाशे. तिला सांगता यायचे नाहीत."

"पानभर नकाशा असायचा, तिथे काय म्हणायच्या?"

"'इथे चित्र आहे' म्हणायची आणि पुढे जायची."

सर माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "रोहनच्या वर्गातल्या दिसता."

त्यानंतर रविवारी-रविवारी मी ताईला मांजरीहून बसने आणायचे आणि महापालिकेपासून चालत न्यायचे. त्यांनी तिला कीबोर्ड शिकवला, यंत्राचं बोलणं भरभर ऐकायला शिकवलं. आणि नकाशे शिकवले. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून कोकणचा किनारा केला. साबुदाणा म्हणजे किल्ला, हरभऱ्याची डाळ म्हणजे बंदर, दोरा म्हणजे नदी. ताईची बोटं त्यावरून फिरत राहायची. एक पुठ्ठा आम्ही घरी आणला तर आई ओरडली, "खायचं साबुदाणं चिटकवत्यात व्हय गं! कुणी शिकिवलं?" ताई पुठ्ठ्यावरचा तिचा हात चाचपून म्हणाली, "आई, तू आत्ता रायगडावर हात ठेवलाय." आईने हात झटक्यात काढला.

ताईच्या संस्थेने त्याच वर्षी परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि काम आमच्या कंपनीकडे आलं. म्हणजे ताई शेवटचा पेपर स्वतः ऐकून, स्वतः टाइप करून देणार होती. ताईच्या केंद्रावर आणखी दोघं अंध विद्यार्थी होते, तिघंही पहिल्यांदाच लेखनिकाशिवाय बसणार होते. आदल्या दिवशी सराव झाला, नमुन्याचे प्रश्न टाकून. यंत्र खणखणीत बोललं. सर म्हणाले, "आता उद्या मी फक्त पेढे खायला येतो."

दुसऱ्या दिवशी अकराला पेपर उघडला. सर आणि मी बाहेर पॅसेजमध्ये होतो. काही मिनिटांतच दार उघडून पर्यवेक्षक आला. "ते तिघं म्हणतायत, काहीच कळत नाही."

सर आत शिरले ते काठी न टेकता. ताईच्या कानावरचा हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला. मी दारातून त्यांचा चेहरा पाहत होते. तो चेहरा असा मी कधीच पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. संस्थेने लेखी कळवलं होतं की प्रश्न युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे ते कुठलंही यंत्र वाचू शकेल. पण पुण्यात पेपर कुठे टाइप होतात? अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाकडे. त्याच्या हातात जुना फाँट बसलेला. तो फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठीचा मुखवटा. डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला आतली इंग्रजी अक्षरंच भेटतात. तो माणूस नंतर म्हणाला, "युनिकोडची अक्षरं बघवत नाहीत हो, पोट सुटल्यासारखी दिसतात. म्हटलं परीक्षेचा पेपर आहे, जरा देखणा करून द्यावा." देखणाच केला होता. संस्थेतल्या सगळ्यांनी तो डोळ्यांनी पाहून पास केला होता. कानाने कुणीही ऐकला नव्हता.

केंद्रप्रमुख देवधर मॅडम आल्या. करड्या केसांच्या, शिस्तीच्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं. "स्वच्छ मराठी आहे की!"

सरांनी हेडफोन पुढे केला. "ऐका."

मॅडमनी ऐकलं. "हे काय बोलतंय? डी, एच, कंस, स्वल्पविराम..."

"ती पानिपतच्या पराभवाची कारणं आहेत."

मॅडमनी हेडफोन काढून ठेवला. "हे बघा, मला वाईट वाटतंय. पण वेळ चाललाय. मी लेखनिक बोलावते. शेजारीच ज्युनिअर कॉलेज आहे."

"लेखनिक नको."

"मग मी स्वतः वाचून दाखवते."

"तिघांना? तिघं तीन वेगांनी लिहितात. एकाला चौथा प्रश्न परत ऐकायचा असेल, एकीला पहिला. प्रत्येक वेळी आपल्याला हाक मारायची? आणि आपण दमलात की?"

"मिस्टर तांबोळी, तुमचा हट्ट ह्यांचं वर्ष खाईल!"

"हट्ट नाही हा. चूक आपल्या पेपराची आहे, किंमत ह्यांनी का..."

"सर." ताई बोलली. जागेवर बसूनच. "पेपर माझा आहे. मला कुणी विचारलं का?"

मी दारातच उभी होते. ती लेखनिकाला हो म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. एकच प्रयत्न होता. सरांच्या तत्त्वासाठी तो घालवावा, असं कुणी तिला सांगू शकलं नसतं. मीही नाही.

सर हळू आवाजात म्हणाले, "चुकलं. विचारतो. लेखनिक हवा?"

"नको. मागच्या दोन्ही वेळा लेखनिक होता. पण तुमचं दोघांचं भांडण संपेपर्यंत माझा वेळ थांबवा. मी भांडण ऐकायला नाही आले."

पलीकडचा अंध विद्यार्थी हसला. सरही हसले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "परीक्षेच्या नियमांचं पुस्तक असेल ना आपल्याकडे? तांत्रिक अडचणीचं कलम. मला दिसत नाही. वाचून दाखवा."

मॅडमनी चिडून पुस्तक मागवलं. उभ्या उभ्या वाचायला लागल्या. "तांत्रिक अडचण उद्भवल्यास केंद्रप्रमुख योग्य ती व्यवस्था करतील व वाया गेलेला वेळ परीक्षार्थींना..." आणि थांबल्या.

"पुढे?"

"...भरून देतील."

"म्हणजे घड्याळ आपल्या हातात आहे. 'योग्य ती व्यवस्था' म्हणजे आपणच. नियमाने एवढं मोठं केलंय आपल्याला. मोठ्या व्हा की."

मॅडमनी पुस्तक मिटलं. मग घड्याळ बघून पर्यवेक्षकाला म्हणाल्या, "या तिघांची वेळ थांबवा. लिहून ठेवा." आणि सरांना, "पण पेपर गोपनीय आहे. तुम्ही दुरुस्त करणार तो माझ्यासमोर. आणि ह्या," म्हणजे मी, "परीक्षार्थीच्या बहीण आहेत. ह्या आत येणार नाहीत."

मी म्हणाले, "मॅडम, अक्षरं बदलण्याचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"म्हणूनच नाही."

बरोबरच होतं त्यांचं. मला राग आला, तरी बरोबर होतं.

पुढचं सगळं मी काचेतून पाहिलं. शेजारच्या लॅबमध्ये सर कॉम्प्युटरपुढे बसले, बाजूला मॅडम हातात छापील पेपर घेऊन. सरांनी पिशवीतून तोच चौकड्यांचा नॅपकिन काढला आणि मॉनिटरवर टाकला. पेपर आता कुणालाच दिसणार नव्हता. मॅडम थबकल्या आणि मग त्यांनी मान डोलावली. माझा प्रोग्रॅम जुन्या फाँटची अक्षरं युनिकोडमध्ये बदलायचा, पण तो अर्धवट होता, हे मला माहीत होतं. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर उडी मारायची, रफार भलतीकडे बसायचा. ते मी नेहमी डोळ्यांनी दुरुस्त करायचे. सरांना कानांनी करायचं होतं. ते ऐकायचे, थांबायचे, बोटं चालायची, पुन्हा ऐकायचे. अडलं की मॅडमकडे कान करायचे, आणि मॅडम त्यांच्या कानाशी वाकून छापील ओळ वाचायच्या. काचेतून शब्द येत नव्हते. ओठ दिसत होते फक्त. पण सर काय म्हणत असतील ते मला ऐकू आल्यासारखं कळत होतं.

एका ठिकाणी ते बराच वेळ अडले. दोघं काहीतरी बोलत होते, मॅडम हातवारे करत होत्या. मला नंतर कळलं, तो नकाशाचा प्रश्न होता. कोकण किनाऱ्याचा नकाशा, त्यावर 'अ' अशी खूण, ठिकाण ओळखा. नकाशाला अक्षरंच नव्हती. तो शब्दांत मांडायचा होता, आणि उत्तर न फोडता. मॅडम म्हणाल्या होत्या, "मुंबईच्या खाली, समुद्रात, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी." सरांनी विचारलं, "खाडीचं नाव नकाशात छापलंय?" "नाही." "मग आपणही द्यायचं नाही. डोळस मुलाला जेवढं दिसतंय तेवढंच ह्यांना. कमी नाही, जास्तही नाही." त्यांची स्वतःची विद्यार्थिनी पलीकडच्या खोलीत बसली होती. मॅडम हे मला सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला होता.

अखेर सरांनी हेडफोन मॅडमना दिला. त्यांनी डोळे मिटून अख्खा पेपर ऐकला. हातात छापील प्रत होती, ती पालथी धरून. मग उठून त्यांनी स्वतः जाऊन घड्याळ पुन्हा सुरू केलं.

बाकीची मुलं पेपर देऊन निघून गेली. तिघं बसून राहिली. परीक्षेच्या खोलीच्या दाराशी मी बाकावर, सर माझ्या शेजारी. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. मी एकदा म्हणाले, "ताई फार थांबतेय मध्ये मध्ये." सर म्हणाले, "थांबू द्या. पहिल्यांदाच तिच्या वेगाने थांबतेय." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं. घाबरलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

ताई बाहेर आली. सरांनी विचारलं, "नकाशाचा प्रश्न?"

"सोडवला."

"काय लिहिलंत?"

"जंजिरा. आपल्या पुठ्ठ्यावर खाडीच्या तोंडाशी साबुदाणा पाण्यात होता तोच एक."

निकाल लागला त्या रविवारी आम्ही कसब्यात पेढे घेऊन गेलो. मी मोबाइल उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "कामठेबाई, आपण नाही. ज्यांचा आहे त्यांना वाचून दाखवू द्या." ताईने तिच्या फोनवर पान उघडलं. फोन बोलायला लागला. भाभी ओढणीचं टोक तोंडाशी धरून उभ्या होत्या. इतिहास, शंभरपैकी एकसष्ट. उत्तीर्ण.

सर मान तिरकी करून ऐकत होते. "एकसष्टच?"

"तुम्ही तेवढंच शिकवलंत," ताई म्हणाली.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आम्हाला सोडायला ते बोळाच्या तोंडापर्यंत आले. तिथे कुणीतरी रस्त्यात आडवी स्कूटर लावली होती. सरांनी काठीने तिच्यावर दोनदा ठोकलं आणि वर घरांकडे तोंड करून खड्या आवाजात विचारलं, "ही ज्यांची आहे त्यांनी जरा खाली यावं, आणि या भिंतीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवावं!" वरच्या खिडकीतून एक चेहरा डोकावला आणि पटकन आत गेला. जिन्यावर चपला वाजल्या. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा सर तिथेच उभे होते. पांढरा शर्ट, दोन पेनं, वाट पाहत.

त्या थंडीत त्यांचं हृदय थांबलं. आम्ही भाभींना भेटायला गेलो तेव्हा पेपर टेबलावर घडी घालून ठेवलेला होता. त्यात त्यांच्या निधनाची छोटीशी बातमी होती. भाभी म्हणाल्या, "ते पान मी नाही उघडलं."

आमच्या कंपनीत आता कुठलाही पेपर आणि कुठलाही धडा नुसता बघून पास होत नाही. पडद्यावर कापड टाकून कुणीतरी तो अथपासून इतिपर्यंत ऐकतं, मगच तो बाहेर जातो. ताईच्या संस्थेनेही हाच नियम केला. पुढच्या परीक्षेत त्या केंद्रावर एकाही अंध विद्यार्थ्याने लेखनिक मागितला नाही.

आणि आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत. छाया कामठे, बी.ए. शेवटचा पेपर तिने स्वतः वाचला आणि स्वतः लिहिला.